कयाधूकाठचा नाताळ

यंदाचा, २०२५ चा नाताळ गुरुवारी येतो आहे. २५ डिसेंबर, पौष शुद्ध पंचमी. हिंगोली जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात सणाच्या जेवणाचा हिशेब मांडणाऱ्या बाईला कॅलेंडरच्या या एका चौकटीतून अर्धं गणित कळतं. मार्गशीर्ष २० डिसेंबरला संपतो. महिनाभर मांसाहार वर्ज्य केलेली घरं नेमकी त्याच आठवड्यात चिकनच्या दुकानाकडे वळतात आणि पाठोपाठ ३१ डिसेंबर येतो. म्हणजे कोंबडीचा भाव चढणार. अंडी तर दर हिवाळ्यात महागतातच. त्यात गुरुवार. दत्ताचा, साईबाबांचा वार पाळणारे शेजारी जेवायला येणार असतील तर त्यांच्यासाठी भाजी वेगळी, भांडी वेगळी, पळीसुद्धा वेगळी. हे सगळं दोन महिने आधी ध्यानात आलं तर बेत बदलता येतो. २३ तारखेला ध्यानात आलं तर उधारी वाढते.

दिवाळी अंकात नाताळच्या जेवणावर लिहायचं कारण हेच. दिवाळी ते नाताळ, नऊ आठवडे हातात आहेत. फराळाच्या डब्यांना अजून तेलाचा वास आहे आणि कुठल्या जिन्नसावर किती पैसे गेले हे आठवणीत ताजं आहे.

यंदा हा हिशेब अधिक काटेकोर करावा लागणार आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यात हिंगोलीची शेतंही पाण्याखाली गेली. या जिल्ह्यात सोयाबीन विकून दिवाळी होते, कापसाच्या वेचणीवर डिसेंबर निघतो आणि हळदीचा पैसा हातात यायला फाल्गुन-चैत्र उजाडतो. नाताळ असा मधल्या खिंडीत सापडतो. शेतकऱ्याकडेच पैसा नसेल तर मजुराकडे कुठून येणार, शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे कुठून येणार आणि चर्चमंडळीच्या दानपेटीत तरी कुठून पडणार? तरीही सण करायचा आहे. लेकरांना नवे कपडे मिळतील न मिळतील, पण त्या दिवशी ताट भरलेलं असावं ही इच्छा साधी आहे आणि रास्त आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की नाताळचं जेवण महाग पडतं ते बेताची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते म्हणून. टीव्हीवर आणि मोबाइलवर दिसणारा नाताळ आधी डोळ्यांसमोर येतो. क्रीमचा केक, हॉटेलातली बिर्याणी, थंड पेयाच्या बाटल्या. मग त्या चित्राला पुरतील एवढे पैसे शोधले जातात. सुरुवात हिंगोलीच्या डिसेंबरातल्या बाजारापासून केली तर तेच ताट निम्म्या पैशात होतं आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या जिभेला जास्त ओळखीचं लागतं.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. नामदेवांचं नरसी इथलं, औंढ्याचा नागनाथ इथला. बौद्ध वस्त्या मोठ्या, मुस्लिम वस्ती जुनी, आणि ख्रिस्ती मात्र अगदी थोडके. साऱ्या महाराष्ट्रातच त्यांचं प्रमाण शेकडा एकाच्या आत आहे. त्यामुळे हिंगोलीच्या किंवा वसमतच्या किराणा दुकानात ‘नाताळचा सीझन’ असा काही नसतो. बेकरीच्या दारात एखादं प्लास्टिकचं झाड लागतं, तेवढंच. खरेदी करणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं. रवा, मैदा, साखर, बेसन यांच्यावर दिवाळीत जी झुंबड उडते ती डिसेंबरात नसते. दुकानदाराला वेळ असतो, घासाघीस करता येते, माल निवडून घेता येतो.

इथल्या मातीत नाताळ दोन वाटांनी आला. हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेचं ठाणं होतं. १८५३ च्या तहानंतर या फौजेच्या खर्चासाठी निजामाचा वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला गेला. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात मिसळली. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावरचा नाताळ त्यांच्याबरोबर आला आणि त्यांच्याबरोबर गेला. टिकला तो दुसऱ्या, मिशनच्या वाटेने आलेला. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचं गाव वसवलं. तिकडे नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम चालू होतं. या दोन्हीकडच्या मंडळ्यांत बहुतेक माणसं गावकुसाबाहेरची, कष्टकरी, दुष्काळ पाहिलेली होती. त्यांना टर्की ठाऊक नव्हती आणि प्लम पुडिंगही नव्हतं. त्यांच्या हाताला गूळ ठाऊक होता, ज्वारी ठाऊक होती, अंगणातली कोंबडी ठाऊक होती. त्यांचा सण त्यातूनच उभा राहिला. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी हे जाणवतं. घरात पैसा टिकत नाही, कारण पती नारायण वामन टिळकांच्या हाताला देण्याची सवय. तरी पंगतीला माणूस कमी नाही. कमी पैशात पुष्कळ माणसं जेवू घालण्याचं ते ज्ञान मराठी ख्रिस्ती घरांत आजही आहे. फक्त अलीकडे आपल्याला त्याचा थोडा संकोच वाटायला लागला आहे.

आता फराळ. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरी नाताळला करंज्या, शंकरपाळे, लाडू, चकल्या होतात. दिवाळीचेच पदार्थ, दोन महिने उशिरा. गोव्यात याच दिवसांत नेवऱ्या, दोदोल नि बेबिंक ताटात सजवून शेजाऱ्यांकडे जातात, वसईकडे कुलकुलं होतात. पण आपण आपल्या कढईबद्दल बोलू. खर्च कमी करायचा तर सहा पदार्थ थोडे थोडे करण्याऐवजी तीन पदार्थ पोटभर करावेत. प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर नवं तळण येतं, नवा गॅस जळतो, पाव-पाव किलो जिन्नस उरून खराब होतात. शंकरपाळे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ. रव्याचे लाडू तळणाशिवाय होतात. तिसरी करंजी, कारण तिच्याशिवाय लेकरांना सण वाटत नाही.

करंजीत मात्र यंदा खोबरं परवडणार नाही. सुक्या खोबऱ्याचे भाव वर्षभरात फार चढले. त्याऐवजी तीळ भाजून कुटावेत, डाळवं दळून घ्यावं, किसलेला गूळ आणि वेलदोडा घालावा. सारण ओलसर झालं तर करंजी फुटते, म्हणून गूळ कोरडा, चिक्कीचा नसलेला घ्यावा. अर्धा किलो रवा-मैद्यात मध्यम आकाराच्या पंचवीस-तीस करंज्या निघतात. तळायला पसरट कढईऐवजी लहान, खोल कढई घेतली तर तेल कमी लागतं. करंज्या जास्त वेळा सोडाव्या लागतात एवढंच. तेलाचा विचार करावाच लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलांवरचं आयात शुल्क वाढवलं, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं काहीसं उतरवलं, पण घराच्या डब्यात ते उतरलेलं फारसं दिसलं नाही. ज्या जिल्ह्यात सोयाबीन पिकतं तिथल्या बाईला सोयाबीनचं तेल मोजून वापरावं लागतं, हे मला दरवेळी खटकतं.

मटणाचा हिशेब स्वच्छ मांडायला हवा, कारण सगळं बजेट तिथेच फाटतं. बारा माणसं जेवायला आहेत असं धरू. माणशी पाव किलो म्हणजे तीन किलो. मटण सात-आठशे रुपये किलो धरलं तर एकवीसशे ते चोवीसशे रुपये. तेवढीच कोंबडी सहा-सातशेत येते. आता मटण पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. नाताळला मटणाचा रस्सा नसेल तर घरातल्या आजी जेवतील, पण नुसतं भूक भागवल्यासारखं जेवतील. म्हणून मधला मार्ग असा. एक किलो मटण, तेही हाडासकट, रश्शासाठी. दोन किलो चिकन सुक्यासाठी. बाराशेच्या आसपास काम होतं आणि वाचलेल्या हजारात फराळ निघतो.

एक किलो मटणाचा रस्सा बारा जणांना पुरवायचा कसा, तर येसराने. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने, जिरे, मिरची, मसाल्याबरोबर दळायची. हे पीठ म्हणजे येसर. लग्नाच्या पंगतीत शंभर पानांना आमटी पुरते ती याच्या जोरावर. हाडं आधी हळद, मीठ, लसूण घालून मंद आचेवर शिजू द्यावीत, घाई करू नये. वेगळ्या पातेल्यात भाजलेला कांदा, आलं-लसूण आणि शेंगदाण्याचा कूट तेलात परतावा, तेल सुटलं की मटणाचं पाणी ओतावं. येसर गार पाण्यात आधी कालवून घ्यावं आणि रस्सा उकळत असताना एका हाताने धार सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावं. कोरडं टाकलं की गाठी होतात आणि मग त्या कुणालाच फोडता येत नाहीत. पाच मिनिटांत रश्शाला अंग येतं, वर तवंग येतो. हळद तर इथे मागायलाच नको. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि बहुतेक घरांत ती दुकानातून येत नाही, ओळखीच्या शेतातून येते.

गुरुवारवाल्या पाहुण्यांसाठी याच येसरावर दुसरं पातेलं चढतं, तुरीच्या ओल्या दाण्यांच्या आमटीचं. डिसेंबरात शेंगा भरलेल्या असतात. सोले काढायचं काम वेळखाऊ, पण ते आदल्या संध्याकाळी गप्पा मारत घरातल्या सगळ्यांनी करायचं काम आहे. मसाला एकच, पातेली दोन. पाहुण्याला आपल्यासाठी वेगळं काहीतरी कसंबसं केलंय असं वाटत नाही, कारण तेही तेवढंच सणाचं असतं. फ्लॉवर, मटार, मेथी, वांगी, टोमॅटो या दिवसांत वर्षातल्या सर्वांत स्वस्त भावात असतात. गाजरही. दोन किलो गाजर, दोन लिटर दूध, अर्धा किलोला थोडी कमी साखर, एवढ्यात बारा वाट्या हलवा. पुऱ्या लेकरांपुरत्या तळाव्यात. बाकीच्यांना ज्वारीची गरम भाकरी द्यावी. पौषाच्या थंडीत रश्शाबरोबर भाकरीच अधिक खपते आणि तेल वाचतं. चुलीची सोय असेल तर गेल्या सालच्या पऱ्हाट्या-तुराट्या याच दिवशी कामाला येतात. मोठं पातेलं दोन तास गॅसवर ठेवणं हा खर्च हिशेबात कुणी धरत नाही, पण सिलिंडर सण संपल्यावर चौथ्या दिवशी संपतो तेव्हा तो समजतो.

केकबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण नाताळ आणि केक यांची गाठ लेकरांच्या मनात आता पक्की बसली आहे आणि ती तोडण्यात अर्थ नाही. केरळात थलश्शेरीच्या मांबळी बापूंनी १८८३ मध्ये एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला, तो हिंदुस्थानातला पहिला मानला जातो. समोर ठेवलेला विलायती नमुना चाखून त्यांनी तिथल्या मसाल्यांत, तिथे मिळेल त्या जिन्नसांत तो बसवला, असं सांगतात. आपणही तेच करावं. अंडी महाग, तर केळी घ्यावीत. वसमत आणि शेजारचं अर्धापूर हा केळीचाच मुलूख. काळे ठिपके पडलेली केळी गाडीवाला कमी भावात देऊन टाकतो आणि केकला तीच हवी असतात.

एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, पाऊण वाटी गूळ, दोन पिकलेली केळी, अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी दही, लागेल तसं दूध. मनुका आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजत घालाव्यात. नागपुरी संत्री या दिवसांत भरपूर येतात आणि बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत दारू चालत नाही, त्यामुळे रमची आठवणही होत नाही. अंड्याचा पिवळा रंग यावा म्हणून हिंगोलीच्या स्वयंपाकघरात चिमूटभर हळद घालायचा मोह सहज होतो. ती घालावी, पण क्रम सांभाळून. सोड्यात हळद मिसळली की ती लालसर होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते याच गुणावर. म्हणून हळद आधी दह्यात कालवावी, पीठ एकजीव करावं आणि सोडा सगळ्यात शेवटी, अर्ध्या चमच्यापेक्षा कमी. नाहीतर पिवळ्या केकवर लाल शिंतोडे उठतात. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ किंवा कोरडी वाळू पसरायची, वर जाळी, त्यावर डबा. मंद आचेवर पाऊण तास. डब्याच्या कडा सुटायला लागल्या की सुरी खुपसून पाहायची.

ज्यांना पाच-सहा घरांचे केक आणि नानकटाई एकदम करायची आहे त्यांनी बेकरीची भट्टी विचारावी. आपला मैदा, आपलं तूप, आपली साखर घेऊन जायची आणि किलोमागे भाजणावळ द्यायची, ही महाराष्ट्रातली जुनी पद्धत अनेक गावांत अजून चालते. तयार केकच घ्यायचा असेल तर बिल नीट वाचावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, बिस्किटं, चॉकलेट यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तूप, लोणी आणि काही सुकामेवा १२ वरून ५ वर आले आहेत. छापील बिल देणाऱ्या दुकानात हा फरक दिसला पाहिजे आणि दिसत नसेल तर विचारायला संकोच करू नये.

सगळं धरून बारा माणसांचं जेवण आणि शेजाऱ्यांच्या ताटांपुरता फराळ माझ्या हिशेबाने तीन हजारांच्या आसपास बसतो. नऊ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला साडेतीनशेच्या आत. एकदम तीन हजार काढणं ज्या घराला जमत नाही त्याला हे जमू शकतं. एकोणिसाव्या शतकात लंडनचे कामगार नाताळच्या हंसासाठी दर आठवड्याला थोडे पेन्स जमा करत, त्याला गूज क्लब म्हणत. आपल्याकडे भिशी आहे, महिला बचत गट आहेत. चार घरांनी मिळून नाताळपुरती भिशी लावली तर तेलाचा पंधरा किलोचा डबा, साखर, मैदा ठोकात घेऊन वाटून घेता येतो. फक्त पैसा आपल्यापैकीच कुणाकडे, वहीत लिहून, नाहीतर बँकेत किंवा पोस्टात राहू द्यावा. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी लोकांची नाताळची बचत वर्षभर गोळा करत असे. २००६ च्या ऑक्टोबरात, सण दोन महिन्यांवर असताना ती बुडाली आणि लाखाहून अधिक गरीब घरांचा नाताळ तिच्याबरोबर बुडाला. जादा व्याज दाखवणाऱ्या संस्थांनी मराठवाड्यातल्या ठेवीदारांचे पैसे कसे बुडवले तेही ताजंच आहे.

सरकारबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. रवा, हरभऱ्याची डाळ, साखर आणि पामतेल. पुढे गुढीपाडवा, आंबेडकर जयंती, गणपतीलाही तो दिला गेला. नाताळचं नाव त्यात आलं नाही. आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडूंच्या २०१४ नंतरच्या सरकारने संक्रांतीप्रमाणेच नाताळलाही शिध्याचा संच वाटला. कुणाचा सण मोठा हा प्रश्नच नाही. रेशनकार्ड ज्या घराकडे आहे त्या घराचा सण ज्या महिन्यात येतो त्या महिन्यात चार जिन्नस मिळावेत, एवढी मागणी मला न्याय्य वाटते. सध्या रखडलेली ही योजना पुन्हा नीट सुरू झाली तर ही मागणी करायला हवी.

ती मान्य होईपर्यंत मंडळीचं प्रीतिभोजन आहे. आगमनकाळाचा पहिला रविवार यंदा ३० नोव्हेंबरला येतो आणि नाताळपर्यंत चार रविवार मिळतात. पहिल्याच रविवारी उपासनेनंतर कोण काय आणणार याची यादी झाली पाहिजे. वर्गणी पैशातच का मागायची? कापणीच्या सणाला माणसं ज्वारी, भोपळे, कोंबड्या, अंडी आणतात आणि तिथेच त्यांचा लिलाव होतो, ही रीत मराठी मंडळ्यांना ठाऊक आहे. तेच नाताळला करावं. एका घरातून पायलीभर ज्वारी, दुसऱ्यातून दोन किलो वांगी, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सकाळी येऊन कांदे चिरावेत. वहीत तिघांचीही नावं सारख्याच अक्षरात लिहावीत. तरुण मंडळी सजावटीच्या दिव्यांवर आणि साउंडवर जे पैसे घालवतात त्यातले निम्मे पातेल्याकडे वळवायला पास्टरांनी त्यांना मायेने, पण स्पष्ट सांगावं.

यादीत आणखी एक रकाना ठेवावा लागतो. दिवाळीनंतर या भागातली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. त्यांची म्हातारी माणसं गावात असतात, त्यांना जेवायला बोलवावं, घ्यायला कुणीतरी जावं. फडावर असलेल्यांसाठी फराळ पाठवायचा तर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तो तयार हवा, तिकडे जाणारा कुणी ना कुणी असतोच. त्या डब्यात शंकरपाळे आणि तिळाच्या करंज्याच भराव्यात. रव्याच्या लाडवात दूध घातलेलं असेल तर ते टिकत नाहीत, ते गावातच खाऊन संपवावेत.